तीन शिट्ट्या

"पोटातून जोर लावा, मालपुरेबाई, गालातून नाही," मी सांगत होते. "गाल फुगवून वाजवली की जत्रेतल्या पिपाणीसारखी वाजते. चोर हसेल तुम्हाला."

मालपुरेबाईंनी पुन्हा फुंकलं. आवाज कसला येतोय, नुसती फुस्स हवा गेली. बाकीच्या सात-आठ जणी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. वसुबारसेचा दिवस होता, सकाळचे अकरा वाजले असतील. घरोघर फराळाची गडबड, तरीही एवढ्या बायका हातातली कामं टाकून माझ्या ओट्यावर आल्या होत्या. कशासाठी? तर मी शिट्ट्या वाटत होते म्हणून.

आता हसू येईल कुणाला, पण तेव्हा आमच्या रेणुकानगरात हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. नाशिकच्या त्या टोकाला आमची कॉलनी नवीनच वसलेली, अर्धे प्लॉट मोकळे, रस्ते सुनसान. दसऱ्यापासून पाच मंगळसूत्रं गेली होती. काळी मोटारसायकल, त्यावर दोघं, तोंडाला रुमाल. मागं बसलेल्यानं पत्ता विचारायचा आणि बाई वळून बोट दाखवते न दाखवते तोच गळ्यात हात. दळण आणायला जायचं तरी बायका मफलर गुंडाळल्यासारखा पदर गुंडाळून जायच्या.

तेव्हा ही शिट्ट्यांची शक्कल मी काढली. मी, प्रमिला निकुंभनं. प्रत्येक दारामागं खुंटीला एक शिट्टी. अनोळखी माणूस गल्लीत दिसला तर एक लांब शिट्टी, म्हणजे सगळ्यांनी नुसतं डोकावायचं. तीन शिट्ट्या म्हणजे चोर, मग हातात असेल ते घेऊन बाहेर पळायचं. आमच्या कॉलनीचे अध्यक्ष कुलथेकाका, त्यांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी थेट चौकीत जाऊन धोंडगे साहेबांना सांगितली. साहेब म्हणाले, संध्याकाळी पाचला येतो, गणपतीच्या देवळात बैठक घेऊ. प्रत्येक कॉलनीतून एक बाई महिला दक्षता समितीवर घ्यायची होती. तिला पोलिसांचं कार्ड मिळणार होतं, फोटोवालं.

ते कार्ड माझंच होतं हो! त्यात विचारायचं काय? फोटोसुद्धा काढून ठेवला होता मी, मोरपंखी साडीत.

तुम्ही म्हणाल, एवढं काय होतं त्या कार्डात? आमचे हे शाळेत मुख्याध्यापक. लग्न झाल्यापासून मी निकुंभ सरांची मिसेस. दूधवाल्यापासून कलेक्टरच्या बायकोपर्यंत सगळ्यांना मी सरांची मिसेस. कुणीतरी मला माझ्या नावानं ओळखावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते त्या कार्डावर छापून येणार होतं.

ओट्यावर सगळ्या होत्या, एक रत्ना आहेर तेवढी नव्हती. ही माझ्या समोरच्या घरात राहायची. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. तिच्याबद्दल मी इतकी वर्षं लोकांना काहीबाही सांगत आले, आज खरं सांगते. मला ती डोळ्यांसमोर नको व्हायची. दिसायला काही अप्सरा नव्हती, शिक्षण माझ्यापेक्षा कमी, घर माझ्यापेक्षा लहान. पण हळदीकुंकवाला माझ्याकडे बायका वेळेवर यायच्या आणि वेळेवर जायच्या. तिच्याकडे गेल्या की बसून राहायच्या. माझी सासू, जिनं मला उभ्या जन्मात कधी बरं म्हटलं नाही, ती रत्नाकडून डोक्याला तेल लावून घ्यायची. मी प्रत्येक गोष्टीसाठी मरमर मरायचं आणि हिला ते आपोआप मिळायचं. कसं सहन व्हावं?

तर मालपुरेबाईंना अखेर शिट्टी जमली आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून ओरडा आला, "धावा गं, रत्नाच्या गळ्याला हात घातला!"

आम्ही पळालो. बघतो तर ही बया रस्त्याच्या मधोमध उभी, केस सुटलेले, एका मुठीत तुटलेलं मंगळसूत्र, पायाशी पालथा पडलेला पत्र्याचा डबा. चहूकडे चकलीची भाजणी सांडलेली. नुकती दळून आणलेली, गरम. धन्याजिऱ्याच्या वासानं सगळी गल्ली भरून गेली होती. आणि रत्ना धापा टाकत हसत होती.

"अगं, लागलं का तुला?" मालपुरेबाईंनी विचारलं.

"मला काय लागतंय! मेला विचारतो गिरणी कुठंय. मी म्हटलं, माझ्या हातात डबा दिसत नाही का, तिथूनच येतेय. तोवर त्यानं हात घातलाच. डब्याचं झाकण सैल होतं, दिला उलटा तोंडावर. रुमाल, डोळे, नाक, सगळीकडं भाजणी! पुढच्याच्या मानेवरही गेली. असे वेडेवाकडे पळालेत, पडतात की काय वाटलं मला."

"आणि मंगळसूत्र?"

"हे काय. त्यानं सोडलं, मी नाही सोडलं."

बायकांनी तिला अक्षरशः मिठ्या मारल्या. कुणी पाणी आणलं, कुणी तिच्या गळ्यावरचा ओरखडा बघून चुकचुकलं. आणि मी काय विचारलं असेल?

"शिट्टी का नाही वाजवलीस तू?"

रत्नानं जीभ चावली. "अगं बाई, ती घरीच राहिली की खुंटीवर!"

सगळ्या खो-खो हसल्या. मालपुरेबाई तर इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांच्या गळ्यात मी बांधलेली शिट्टी तशीच लोंबत होती. माझ्या आठवडाभराच्या खटपटीचं त्या एका हसण्यात भुस्काट झालं.

कुलथेकाका लगबगीनं आले, सगळं ऐकलं आणि तिथंच जाहीर करून टाकलं, "संध्याकाळी धोंडगे साहेबांपुढे हिलाच उभी करतो. अशी बाई पाहिजे समितीवर! काय हो निकुंभवहिनी?"

"हो, हो," मी म्हटलं. "हिलाच करा."

मी तिथून निघाले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. घरी येऊन शंकरपाळ्यांचा घाणा कढईत सोडला आणि जळेपर्यंत बघत उभी राहिले. एक डबा पालथा करायला काय लागतं? माझ्या हातात डबा असता तर मी नसता मारला? पण चोरसुद्धा तिच्याच वाट्याला यावा! गॅस बंद केला, शिट्टी गळ्यात अडकवली आणि बाहेर पडले.

डोकं मात्र माझं चालत होतं. म्हटलं, ज्याच्या डोळ्यांत पीठ गेलंय तो माणूस पहिल्यांदा काय शोधेल? पाणी. आणि आमच्या भागात दुपारी पाणी असायचं एकाच ठिकाणी, देवळामागच्या मैदानातल्या नळाला. तिनं चोर पळवला, मी धरीन. पाचला साहेबांपुढे उभं कोण राहतं ते बघू म्हटलं.

आणि खरंच, नळावर एक माणूस वाकून तोंड धूत होता. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, शर्टावर पाठीपर्यंत पांढरं. मी जागेवर उभी राहिले आणि तीन शिट्ट्या फुंकल्या. पोटातून जोर लावून. मैदान दणाणलं.

त्यानं मान वर केली आणि चक्क हसला. "काय झालं, बाई? पाणी भरायचंय का? घ्या, माझं होतच आलंय."

मी त्याची कॉलर धरली.

तेव्हा माझ्या बोटांना ते लागलं. वीस वर्षं मी पिठं चाळत होते. ज्वारीचं कसं लागतं, तांदळाचं कसं लागतं, डोळे मिटून सांगितलं असतं. भाजणी हाताला मऊ लागते, किंचित तेलकट, रंगानं तांबूस, आणि तिचा वास तर माणूस आंघोळ करून आला तरी जात नाही. माझ्या बोटांत जे होतं ते खरखरीत होतं. वाळूसारखं. पांढरंशुभ्र. वास कसलाच नाही. ती रांगोळी होती. हा माणूस चोर नव्हता, हा रांगोळीवाला होता, आणि हे मला तिथंच, त्याच घटकेला कळलं.

मागून पावलं धावत आली. दहा-बारा माणसं, कुणाच्या हातात बॅट, कुणाच्या हातात वायपर. त्यांच्या पुढे कुलथेकाका.

"धरला का हो?" ते लांबूनच ओरडले. आणि मग मागच्यांना म्हणाले, "अरे, प्रमिलाबाईंनी धरला! प्रमिलाबाईंनी!"

वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी चारचौघांत माझं नाव घेत होतं.

"हाच," मी म्हटलं. "बघा, अंगभर पीठ आहे अजून."

पुढचं मला सांगवत नाही, पण सांगते. त्याला मारला. खाली पाडून मारला. तो हात जोडत होता, "रांगोळीवाला आहे मी, साहेब! पोतं फुटलं अंगावर! पुंडलिक नाव माझं, सिन्नरकडचा आहे! माझी गाडी आहे तिकडं, पिंपळाखाली, बघून या कुणीतरी!" कुणी गेलं नाही. मी उभी होते तिथून पिंपळाच्या खोडाआडून हातगाडीचं एक चाक दिसत होतं. मी तिकडून नजर काढून घेतली. मारणारे सगळे पुरुष, त्यांनी जन्मात कधी भाजणी चाळलेली नव्हती, त्यांना पांढरं दिसलं की पीठ. बायका लांब, देवळाच्या भिंतीशी उभ्या होत्या. त्यातली एक जरी जवळ आली असती तरी तिला माझ्यासारखंच कळलं असतं.

आली ती रत्ना. दोघांना ढकलून मध्ये घुसली, खाली बसली, त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. बोटं चोळली. नाकाशी नेली. मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी हात पदराला पुसत होते, आणि माझ्या पदरावर पांढऱ्या बोटांचे चार फराटे उठले होते.

"सोडा त्याला," ती म्हणाली. "रांगोळी आहे ही. हा तो नाही."

माणसं थांबली. कुणीतरी पिंपळाकडे जाऊन आलं आणि गाडी असल्याचं सांगितलं. बॅटवाला बॅट पाठीमागे धरून उभा राहिला. पुंडलिक उजवा हात पोटाशी धरून बसला होता, मनगट वाकडं दिसत होतं.

"मग वहिनी," कुलथेकाका माझ्याकडे वळले, "तुम्ही तर पीठ म्हणालात. तुम्ही हातानं धरलं होतं ना त्याला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता हे सगळं उघडं पडणार, पाच वाजता साहेबांपुढे, मग शाळेत ह्यांच्यापुढे, मग या गल्लीत जन्मभर. मी पांढरी बोटं पदराआड घेतली.

"त्यांचा काय दोष?" रत्ना बोलली. "मीच मघाशी त्यांना सांगून ठेवलं होतं. चोर पांढराफटक झालाय, कुणी पांढरा दिसला की लगेच शिट्टी वाजवा, सोडू नका. मीच घाई केली, काका. चूक माझी."

ती असं काही म्हणाली नव्हती. चोर पळाल्यापासून आमच्यात शिट्टीचं ते एक वाक्य सोडलं तर बोलणंच झालं नव्हतं.

संध्याकाळी पाचला धोंडगे साहेब आले. निरपराध माणसाला मारलं म्हणून त्यांनी सगळ्यांची चांगली कानउघाडणी केली आणि रत्नाला उभं करून सर्वांदेखत बोलले, "तुम्ही धाडसी आहात, ताई, पण समितीवर धाडस चालत नाही, डोकं शांत लागतं." ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग त्यांनी कुलथेकाकांना विचारलं, शिट्ट्यांची कल्पना कुणाची? आणि माझं नाव कार्डासाठी लिहून घेतलं. मोरपंखी साडीतला फोटो मी पिशवीतून काढून दिला. दिला, खोटं कशाला बोलू?

दिवेलागणीला मी तिच्या दारात गेले. ती एकटीच होती, स्वयंपाकघरात पुन्हा नव्यानं भाजणीचे डाळ-तांदूळ भाजत होती.

"का केलंस तू असं?" मी विचारलं.

"बसा ना, प्रमिलाताई."

"बसत नाही. का केलंस?"

तिनं गॅस बारीक केला. "मला आधी त्या माणसाला सोडवायचं होतं. खरं बोलले असते तर तुमच्यावरून तिथं वाद सुरू झाला असता आणि तो तसाच पडून राहिला असता. म्हटलं, तुमचं नंतर बघू."

"मग साहेबांपुढे का नाही बोललीस?"

"तेव्हा बोलणारच होते," ती म्हणाली. "पण तुम्ही पिशवी घट्ट छातीशी धरून बसला होतात. मला वाटलं, या बाईला हे एवढं हवंय तर घेऊ दे."

तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी रागानं घरी आले. हो, रागानंच! चांगुलपणासुद्धा हिनंच करायचा? आणि मी काय, तिनं टाकलेलं उचलायचं? रात्रभर मी तिच्यावर जळत होते, माझ्यावर नाही.

धनत्रयोदशीला सकाळी नऊच्या सुमारास खालून हाक ऐकू आली, "रांगोळीय्ये!" आवाज बाईचा होता. खिडकीतून बघते तर रत्ना हातगाडी ढकलत होती. गाडीवर पांढऱ्या रांगोळीचा ढीग, कडेनं रंगांच्या पुड्या, आणि शेजारून पुंडलिक चालत होता, उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. तक्रार देतोस का म्हणून त्याला आदल्या दिवशी सगळ्यांनी विचारलं होतं. तो म्हणाला होता, धंद्याचे दिवस हे चारच, चौकीत बसून कसं चालेल? हात असा, गाडी ढकलवेना. म्हणून ही ढकलत होती. दार उघडून बायका बाहेर येत होत्या, ज्यांच्याकडे पोतंभर रांगोळी होती त्यासुद्धा घेत होत्या, आणि रत्ना त्यांच्याशी हसत-बोलत मापं भरत होती. काल जिला साहेब बोलले तिच्याभोवती आज पुन्हा सगळी गल्ली.

मला बघवेना. मी तशीच चपला अडकवून खाली उतरले.

लोक समजले की निकुंभबाईंना पश्चात्ताप झाला. मीही नंतर तसंच सांगायचे. पण कसला पश्चात्ताप? हेही तिलाच एकटीला मिळू द्यायचं नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

"सरक," मी रत्नाला म्हटलं. "तू माप घाल. गाडी मी ढकलते."

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, दांडा सोडला आणि पुढच्या दारापाशी गेली. गाडी वाटली त्यापेक्षा जड होती, चढावर तर रेटेना. पुंडलिक माझ्या बाजूनं चालत होता. तोंड सुजलेलं, एक डोळा जवळजवळ मिटलेला. त्यानं मला ओळखलं होतं. तिसऱ्या गल्लीत आलो, रत्ना लांब होती, आसपास कुणी नव्हतं. मला एकाएकी ते पोटात ठेववेना.

"दादा," मी म्हटलं, "तुमची कॉलर धरली ना, तेव्हाच मला कळलं होतं. रांगोळी आहे म्हणून."

मला वाटलं तो थांबेल, ओरडेल, निदान मान तरी फिरवेल. तो चालतच राहिला.

"मला माहितीये, बाई," तो म्हणाला. "तुमची मूठ सैल पडली होती. मला वाटलं, सुटलो."